वाचकांचे प्रश्न : डिझेल पिकअप सुरू करताना आणि चालवताना

या वेळी आलेल्या पत्रांत डिझेल पिकअपचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत आणि त्यातले बरेच चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाबद्दल आहेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा १६ ते २० पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. खालच्या निम्म्या उत्तरांचं मूळ याच गोष्टीत आहे. दिलेले आकडे सर्वसाधारण गाड्यांचे आहेत; तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेचाच खरा धरा.

प्रश्न : थंडीत सकाळी १५-२० सेकंद सेल्फ मारल्यावर गाडी कशीबशी सुरू होते, अर्धा मिनिट थरथरते आणि पांढरा धूर सोडते. एकदा गरम झाली की काही त्रास नाही. सेल्फ मारताना रेस द्यावी का? इथरचा फवारा चालेल का?

उत्तर : आधी इथरचं. ग्लो प्लग (सुरू होताना सिलिंडर तापवणारा विजेचा प्लग) किंवा हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात इथर, म्हणजे चटकन पेटणारा द्रव, अजिबात मारू नका. प्लगचं टोक ८०० ते १००० अंशांपर्यंत तापलेलं असतं. इथर पिस्टन वर पोहोचायच्या आधीच पेटतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो. पिस्टनच्या कडा तुटणं, रिंगा मोडणं, हवा आत नेणारा मॅनिफोल्ड फुटणं हे सगळं यातून होतं.

आता सुरू करण्याची पद्धत. सीटवर बसा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे हातानं हलवून पाहा, क्लच पूर्ण दाबा. खिडकीतून हात घालून सेल्फ मारायची सवय काहींना असते, ती सोडा. डिझेलचा सेल्फ इतका ताकदवान असतो, की गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन सुरू न होताही ती पुढे उडी घेते.

दिवे, पंखा, एसी बंद ठेवा. चावी ‘ऑन’वर आणा आणि स्प्रिंगसारखी खूण असलेला पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. हवामान आणि प्लगचा प्रकार यांवर हा वेळ २ ते १० सेकंदांचा असतो. कडाक्याची थंडी असेल तर चावी बंद करून पुन्हा एकदा ‘ऑन’ करा, म्हणजे प्लगना दुसरी फेरी मिळेल. मग सेल्फ मारा, पण सलग १० सेकंदांच्या पुढे नाही. सुरू झाली नाही तर किमान अर्धा मिनिट, शक्यतो एक मिनिट थांबा. सेल्फच्या मोटरमधून शेकडो अँपिअर जातात आणि तिला थंड करायला वेगळा पंखा नसतो. १५-२० सेकंद सलग फिरवण्यानं तिची वेटोळी जळतात. तीन प्रयत्न फसले की थांबा आणि कारण शोधा.

रेस देऊ नका. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) सुरू होताना किती डिझेल फवारायचं ते संगणक कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानावरून ठरवतो, तुमचा पाय तिथे कामाचा नाही. उलट इंजिन पकडलं की ते एकदम उसळतं आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचण्याआधीच टर्बो वेगात फिरू लागतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या काही गाड्यांना मात्र थंडीत थोडी रेस लागते. तसं पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

तुमच्या गाडीची लक्षणं एक किंवा दोन ग्लो प्लग गेल्याची वाटतात. ज्या सिलिंडरचा प्लग मेला, त्यात डिझेल न जळता वाफ होऊन बाहेर पडतं. तोच तो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. बाकीचे सिलिंडर चालू असल्यामुळे इंजिन थरथरतं आणि तो सिलिंडर तापला की सगळं सुरळीत होतं. प्लगची वायर काढून मल्टीमीटरनं रोध मोजा. चांगला प्लग साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. सगळे प्लग ठीक निघाले तर त्यांचा रिले आणि फ्यूज पाहा. बदलताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका, कारण वर्षानुवर्षं बसलेला प्लग हेडमध्येच मोडला तर काम फार वाढतं.

एक फरक ध्यानात ठेवा. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कुलंट कमी होत असेल, तर दोष प्लगचा नाही. हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये येत आहे. अशी गाडी चालवू नका.

प्रश्न : सुरू केल्यावर किती वेळ उभी ठेवून गरम करावी? आमच्याकडे सगळे दहा-पंधरा मिनिटं ठेवतात.

उत्तर : अर्धा ते एक मिनिट पुरे, पाणी गोठवणाऱ्या थंडीत दोन-तीन मिनिटं. ऑइलचा लाल दिवा ३ ते ५ सेकंदांत विझायलाच हवा. विझला नाही तर लगेच इंजिन बंद करून ऑइलची पातळी दाखवणारी कांडी पाहा. दिवा विझला, आवाज स्थिरावला की निघा आणि तापमानाचा काटा हलेपर्यंत इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपासच ठेवा. पूर्ण लोड आणि चढ या काळात टाळता आला तर उत्तम.

उभ्या गाडीत डिझेल इंजिन नीट तापतच नाही. भार नसल्यामुळे फार थोडं डिझेल जळतं, थंड भिंतींवर उरलेलं डिझेल रिंगांमधून खाली उतरून ऑइल पातळ करतं, काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) आणि एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये साठते. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजात तर दार उघडं असलं तरी गाडी चालू ठेवू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतो. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडं आणि काजळी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

प्रश्न : मोठा चढ चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर टर्बो खराब होतो, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन थांबताच ऑइलचा दाब जातो, पण शेजारचं लोखंड लालबुंद तापलेलं असतं. बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपून कडक थर धरतं आणि पुढच्या वेळी ऑइलची वाट अरुंद होते. लोड घेऊन चढ चढलात किंवा महामार्गावर जोरात आलात तर दोन-तीन मिनिटं, एरवी एक मिनिट आयडलवर ठेवून मग चावी बंद करा. शेवटचा किलोमीटर सावकाश आलात तर हे काम वाटेतच झालेलं असतं. बंद करण्याआधी एक जोरदार रेस द्यायची पद्धत मात्र टर्बोचा घात करते, कारण ऑइल थांबतं तेव्हा दांडा पूर्ण वेगात असतो.

प्रश्न : बॅटरी उतरली. शेजारी मोठा ट्रक उभा आहे. त्यावरून जंप द्यावा का?

उत्तर : ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असेल तर नाही. पिकअप १२ व्होल्टची असते. दुप्पट दाब गेला तर संगणक, अल्टरनेटर, ग्लो प्लगचा रिले एका क्षणात जातात. १२ व्होल्टची गाडी घ्या आणि तीही शक्यतो डिझेल. डिझेलचा सेल्फ तीनशे ते सहाशे अँपिअरपर्यंत ओढतो, त्यामुळे छोट्या कारची बॅटरी आणि बारीक वायर इथे दमतात. तांब्याची २५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड वायर असू द्या.

क्रम असा : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी लांब हवी. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग ग्लो प्लगचा दिवा विझू देऊन सेल्फ मारा. काढताना बरोबर उलटा क्रम. बॅटरी फुगलेली असेल, फुटलेली असेल किंवा आतलं पाणी गोठलेलं असेल तर तिला वायरच लावू नका.

बॅटरी कुठवर साथ देईल हे मीटरनं कळतं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती म्हातारी झाली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरी घेऊनही उपयोग नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरीत भरत नाही, तिला चार्जरवर कित्येक तास लागतात. आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका.

प्रश्न : टाकी कोरडी पडली. डिझेल टाकलं तरी गाडी सुरू होत नाही. ओळखीच्या माणसानं नोझलचे पाइप सैल करून एअर, म्हणजे आत शिरलेली हवा, काढायला सांगितलं.

उत्तर : जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत तसं करत असत. कॉमन रेल गाडीत त्या पाइपांना हात लावू नका. तिथे १६०० ते २००० बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब असतो. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून मांस मरत जातं. असं झालं तर थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलं आहे’ हे स्पष्ट सांगा. वेळ गेला तर बोटच काय, हातही गमवावा लागू शकतो.

एअर कमी दाबाच्या बाजूनंच काढायची. टाकीत किमान १० लिटर डिझेल टाका. फिल्टरच्या डोक्यावर हाताचा पंप असेल तर तो टणक लागेपर्यंत दाबत राहा. ३०-५० वेळा दाबावा लागतो. फिल्टरवर एअर स्क्रू असेल तर अर्धा फेरा सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल बाहेर येऊ द्या, पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. हातपंप नसेल, टाकीत विजेचा पंप असेल, तर चावी ‘ऑन’वर अर्धा मिनिट ठेवून बंद करा आणि असं तीन-चार वेळा करा. मग १० सेकंदांच्या हिशेबानं सेल्फ.

सेल्फ मारून मारून एअर काढणं महागात पडतं. उच्च दाबाच्या पंपाला डिझेल हेच वंगण आहे, कोरडा फिरला की त्यातून धातूचा कीस निघतो आणि नोझलपर्यंत जातो. टाकी पावाच्या खाली येऊ न देणं हेच सोपं.

याच फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. थेंबाची खूण असलेला दिवा लागला की लवकरात लवकर पाणी काढा. इंजिन बंद, खाली काचेची बरणी, तळाचा स्क्रू सैल करून १०० ते २०० मिलिलिटर सोडा. थोडा वेळ स्थिर ठेवलं की पाणी खाली आणि डिझेल वर असं वेगळं दिसतं. नुसतं डिझेल येईपर्यंत सोडा, स्क्रू आवळा, पंप दाबून एअर काढा. भरायला गेल्यावर टाकी अर्धवट ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की तिचंच पाणी होतं.

प्रश्न : चुकून डिझेलच्या टाकीत थोडं पेट्रोल पडलं. वर डिझेल भरून पातळ केलं तर?

उत्तर : नको. चावी ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण कित्येक गाड्यांत तेवढ्यानं टाकीतला पंप सुरू होऊन पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या आणि टाकी पूर्ण रिकामी करवून घ्या. पेट्रोल डिझेलसारखं वंगण देत नाही, उच्च दाबाचा पंप खरवडला जातो आणि कीस सगळीकडे पसरल्यावर पंप, रेल, नोझल, पाइप सगळंच बदलावं लागतं. काढलेलं मिश्रण पेट्रोल समजूनच हाताळा : ठिणगी नको, विडी नको, हवा खेळती.

धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा युरियाचा द्रव, म्हणजे डीईएफ, चुकून डिझेलच्या टाकीत पडला तरी हाच नियम. तो ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं शुद्ध पाणी असतो, डिझेलमध्ये मिसळत नाही, आणि वाळला की त्याचे खडे होतात. त्याचं झाकण बहुधा निळं असतं. तो उणे ११ अंशांना गोठतो, पण त्याची टाकी तापवण्याची सोय गाडीतच असते, त्यामुळे त्यात मीठ किंवा कुलंट घालण्याचा शहाणपणा करू नका.

प्रश्न : फोर-व्हील ड्राइव्ह कायम लावून ठेवली तर पकड चांगली राहते का?

उत्तर : हवी तेव्हा लावायची यंत्रणा असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक सामावून घ्यायला मधे डिफरन्शियल नसतो, म्हणून ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. चिखल, वाळू, बर्फ इथेच लावा.

प्रश्न : पिकअपवर लोड किती आणि कुठे ठेवावा? हौदा भरेल एवढा माल चालतो ना?

उत्तर : हौदा आकारमान सांगतो, वजन नाही. गाडीच्या पट्टीवर एकूण कमाल वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा एकूण ३००० किलो आणि रिकामी १९०० किलो. उरले ११००. यात चालक आणि दोन माणसंही येतात. ती २१० किलो धरली, अवजारं ४० धरली, तर मालासाठी ८५० किलो राहतात. म्हणजे ५० किलोच्या १७ गोण्या. हौदा दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असेल तर त्यात सुमारे १ घनमीटर माल मावतो. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. काठोकाठ वाळू भरलेली तीच गाडी जवळजवळ दुप्पट लोडवर असते. वाळू ओली असेल तर दुपटीच्याही पुढे.

जागा वजनाइतकीच महत्त्वाची. जड माल केबिनच्या पाठीला टेकवून, तळाशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. ८०० किलोचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल, तर तराजूच्या दांडीसारखं होऊन पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे १३० किलोनं घटतं आणि मागच्या ॲक्सलवर ८०० ऐवजी ९३० किलो येतात. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला, की समजावं माल मागे गेला आहे. झोत खाली करायची चकती फिरवून लक्षण झाकलं जातं, माल पुढे सरकत नाही.

बांधताना ताडपत्री ही बांधणी नव्हे. करकचून ब्रेक मारल्यावर माल जवळपास स्वतःच्या वजनाएवढ्या जोरानं पुढे येतो. ५०० किलोचं यंत्र केबिनच्या काचेकडे निघालं तर एक दोरी त्याला धरत नाही. हौद्याच्या कड्यांना पट्टे अडकवून, पुढे-मागे दोन्हीकडून तिरपे ताणा आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा, कारण माल बसतो आणि पट्टा सैल पडतो. टायरची हवा थंड असताना तपासा. पूर्ण लोडचा दाब दाराच्या चौकटीवर वेगळा लिहिलेला असतो आणि मागच्या टायरला बराच जास्त असतो.

रिकाम्या पिकअपलाही जपा. मागचे पाटे लोडसाठी बनवलेले असतात. माल नसताना मागची चाकं उड्या मारतात आणि ओल्या वळणावर शेपटी घसरते. पावसात रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा हळू चालवावी लागते, हे नव्या चालकांना पटत नाही.

प्रश्न : लांब उतारावर डिझेल वाचावं म्हणून न्यूट्रल करावं का? काही जण तर इंजिनच बंद करतात. लोड असताना कोणता गिअर?

उत्तर : दोन्ही करू नका. गिअरमध्ये असताना पाय रेसवरून काढला, की आजची इंजिनं डिझेल पूर्ण बंद करतात; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनाची ओढ जाते.

इंजिन बंद करणं तर जिवावरचं आहे. डिझेलच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम एक वेगळा पंप बनवतो आणि तो इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं. चावी जास्त मागे फिरली तर स्टिअरिंगचं कुलूपही लागू शकतं.

ब्रेकवर किती भार येतो याचा हिशेब करा. ३००० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं २६ लिटर पाणी उकळी धरतं. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध थोडी घेतो, उरलेली एकतर इंजिन घेतं किंवा चार चाकांचे ब्रेक. ब्रेक एकटे पडले तर लायनिंग तापून पकड सोडतं आणि त्याच सुमाराला ब्रेक ऑइल उकळू लागतं. ‘डॉट ४’ ताजं असताना २३० अंशांना उकळतं, हवेतला ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येतं. वाफ झाली की पेडल थेट फळीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठीच.

म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधी घ्या. जो चढ तिसऱ्यात चढला असता तो तिसऱ्यातच उतरा, लोड जास्त असेल तर दुसऱ्यात. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून ते आपोआप जास्त रोखतं, हा समज चुकीचा आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, आणि पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप बहुतेक डिझेल इंजिनांत त्या कामासाठी नसते. म्हणून खालचा गिअर आणि जरा जास्त फेऱ्या लागतात. २५०० ते ३००० च्या आसपास ठीक. काटा लाल पट्ट्याकडे जात असेल तर ब्रेक लावा. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, उताराला मागून ढकलणारं वजन थांबवू शकत नाही.

ब्रेक सतत पाय ठेवून घासू नका. वेग ठरवा, समजा ४० किलोमीटर. ४० ला पोहोचलात की ठाम दाबून ३० वर आणा आणि पाय पूर्ण सोडा. मधल्या काळात डिस्क आणि ड्रम थंड होतात. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर लगेच खालचा गिअर घ्या, सुरक्षित जागा पाहून थांबा आणि चाकांना उताराच्या बाजूनं दगड लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. अर्धा तास तसाच निवू द्या.

प्रश्न : एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा (डीपीएफ) दिवा वारंवार लागतो. गाडी फक्त गावातल्या गावात चालते. आणि कांडीवर ऑइल वाढलेलं दिसतंय, हे कसं?

उत्तर : दोन्हीचं कारण एक. साठलेली काजळी जाळायला गाडी एक्झॉस्टमध्ये सुमारे ६०० अंश तापमान आणते आणि त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारते. तुम्ही मधेच चावी बंद केलीत तर काजळी अर्धवट राहते आणि भिंतीवर लागलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून कांडीवर पातळी चढते. असं पाच-सात वेळा झालं की ऑइलला डिझेलचा वास येतो.

दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं, साठच्या पुढच्या स्थिर वेगानं, २००० च्या वर फेऱ्या ठेवून चालवा. आयडल किंचित वाढलेलं, पंखा जोरात, गरम वास, असं असेल तर जळण चालू आहे. बंद करू नका. त्या काळात किंवा लगेच नंतर वाळलेलं गवत, पेंढा, पालापाचोळा यांवर गाडी उभी करू नका, आग लागते. ऑइल कमाल खुणेच्या वर असेल तर ते बदला आणि कमी राख होणारं, पुस्तिकेतल्या दर्जाचंच घाला. हे टाळलं तर पुढच्या प्रश्नातली वेळ येऊ शकते.

प्रश्न : चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, उलट वेग वाढतच जातो, असं खरंच होतं का?

उत्तर : होतं. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल फार भरलं, की इंजिन स्वतःचंच ऑइल हवेच्या वाटेनं ओढून जाळू लागतं. चावीनं डिझेल बंद होतं, ऑइल नाही. निळसर-पांढऱ्या धुराचे लोट आणि चढत जाणारा आवाज ही खूण. गॅस किंवा पेट्रोलची वाफ पसरलेल्या जागीही असंच होतं.

साध्या गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून थांबतं. ऑटोमॅटिक असेल तर हवेची वाट बंद करणं हाच मार्ग : जाड सपाट फळी एअर पाइपच्या तोंडावर, किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक त्या तोंडात. हात किंवा फडकं कधीच लावू नका, ओढलं जातं. हे काही सेकंदांत जमलं नाही तर माणसांना घेऊन लांब व्हा, इंजिनाचे तुकडे बाजूला उडू शकतात.

प्रश्न : पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. बाहेर ओढून सेल्फ मारला तर?

उत्तर : मारू नका. पाणी दबत नाही. २ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरची जागा ५०० मिलिलिटर. कॉम्प्रेशन १७ पट असेल तर पिस्टन वर गेल्यावर जेमतेम ३१ मिलिलिटर जागा उरते. एवढं, म्हणजे दोन मोठे चमचे, पाणी आत गेलं तरी पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि सेल्फच्या जोरानं कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर ग्लो प्लग किंवा नोझल काढून घेऊन इंजिन पान्यानं हातानं फिरवलं पाहिजे, म्हणजे पाणी त्या भोकांतून बाहेर येतं; तेव्हा भोकांसमोर तोंड नको. कांडीवरचं ऑइल दुधाळ असेल तर ते आणि त्याचा फिल्टर बदलल्याशिवाय सुरू करू नका. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइलही तपासून घ्या. चालून तापलेला धातू पाण्यात एकदम थंड होतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेलं दिसलं तर उतरूच नका, आणि त्याहून कमी असलं तरी वाहतं असेल तर थांबा.